ग्रंथालयाचे दाते प्रेमचंद रायचंद

प्रेमचंद रायचंद यांचा जन्म १८३१ साली सुरतेस झाला. कापूस व शेअरांच्या व्यापारात ते मुंबईचे धनाढ्य झाले. १८५७ मध्ये स्थापन झालेले मुंबई विद्यापीठ तेव्हा केवळ परीक्षा घेई. १८६४ साली त्यांनी विद्यापीठाच्या ग्रंथालयासाठी दोन लाख आणि माता राजाबाईंच्या स्मरणार्थ मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख रुपये दिले. पुढच्याच वर्षी बाजार कोसळला, वैभव गेले. दान मात्र टिकले. १८७८ मध्ये मनोरा पूर्ण झाला. १९०६ साली ते निवर्तले.

लोकांची दृष्टी मनोऱ्यावर खिळते. पदव्युत्तर अभ्यासकाला आधार असतो तो खालच्या ग्रंथांचा. वास्तू एकदाच उभारावी लागते, ग्रंथसंग्रह दरवर्षी वाढवावा लागतो. म्हणून दात्यांनी वास्तूइतकेच ग्रंथांसाठीही द्यावे, असे आम्हांस वाटते.