फ्लोरेन्झ झिगफेल्ड

फ्लोरेन्झ झिगफेल्ड, कनिष्ठ (जन्म : शिकागो, २१ मार्च, इ.स. १८६७, मृत्यू : हॉलिवूड, २२ जुलै, इ.स. १९३२) हे अमेरिकन नाट्यनिर्माते होते. न्यू यॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीवरील ‘झिगफेल्ड फॉलीज’ ही कार्यक्रममालिका आणि ‘शो बोट’ हे संगीत नाटक यांसाठी ते प्रसिद्ध आहेत. भव्य नेपथ्य, उंची वेशभूषा, मोठा नृत्यसमूह आणि नामवंत कलावंत ही त्यांच्या निर्मितीची वैशिष्ट्ये होती. १९२० च्या दशकातील सुबत्तेत त्यांची नाटके वर्ष-वर्षभर चालली. १९२९ नंतरच्या महामंदीत मात्र याच पद्धतीची नाटके थोड्या प्रयोगांतच बंद पडू लागली आणि झिगफेल्ड कर्जबाजारी अवस्थेत निधन पावले.

सुरुवातीचे जीवन

झिगफेल्ड यांचे वडील फ्लोरेन्झ झिगफेल्ड, ज्येष्ठ हे जर्मनीतून अमेरिकेत आलेले संगीतशिक्षक होते. शिकागो म्युझिकल कॉलेज या संस्थेची स्थापना त्यांनी केली. आई रोझली या मूळच्या बेल्जियमच्या होत्या. घरात अभिजात पाश्चात्त्य संगीताचे वातावरण असले तरी मुलाचा ओढा लोकरंजनाकडे होता.

इ.स. १८९३ मध्ये शिकागो येथे जागतिक प्रदर्शन भरले. त्या निमित्ताने वडिलांनी ट्रोकाडेरो नावाचे करमणूकगृह सुरू केले. परंतु त्याला अपेक्षित गर्दी होईना. तेव्हा धाकट्या झिगफेल्ड यांनी युजेन सँडो या बलोपासकाला करारबद्ध केले. प्रयोगानंतर शहरातील प्रतिष्ठित स्त्रियांनी सँडोचे स्नायू प्रत्यक्ष चाचपून पाहावेत, अशी योजना त्यांनी केली. वृत्तपत्रांतून तिची चर्चा झाली आणि प्रेक्षक लोटले. कलावंताच्या गुणांइतकेच त्याच्याभोवतीच्या कुतूहलालाही महत्त्व देण्याची त्यांची पद्धत येथूनच सुरू झाली.

ॲना हेल्ड आणि ब्रॉडवेवरील प्रवेश

इ.स. १८९६ मध्ये झिगफेल्ड यांनी युरोपातील गायिका-अभिनेत्री ॲना हेल्ड यांना न्यू यॉर्कला आणले. त्या दुधाने स्नान करतात, अशी बातमी त्यांनी पसरवली व ती देशभर गाजली. दोघे पती-पत्नी म्हणून राहू लागले. पुढे ते विभक्त झाले. पॅरिसमधील ‘फोली बर्जेर’च्या धर्तीवर न्यू यॉर्कमध्ये कार्यक्रम करावा, ही कल्पना हेल्ड यांनी सुचवल्याचे मानले जाते.

झिगफेल्ड फॉलीज

८ जुलै, इ.स. १९०७ रोजी न्यू यॉर्क थिएटरच्या गच्चीवरील रंगमंचावर ‘फॉलीज’चा पहिला प्रयोग झाला. यात सलग कथानक नसे. गाणी, नृत्ये, विनोदी प्रवेश आणि भव्य वेशभूषेतील तरुणींची संचलने एकामागून एक सादर होत. असा कार्यक्रम ‘रेव्ह्यू’ या नावाने ओळखला जातो. पहिल्या फॉलीजचा निर्मितिखर्च सुमारे १३ हजार डॉलर होता. पुढील दोन दशकांत तो अनेक पटींनी वाढला. १९११ पासून कार्यक्रमाच्या नावात ‘झिगफेल्ड’ हा शब्द आला आणि १९१३ पासून तो न्यू ॲमस्टरडॅम थिएटरमध्ये होऊ लागला. १९१५ पासून वास्तुविशारद जोसेफ अर्बन यांनी त्याला रंगसंगतीचे नवे भान असलेले नेपथ्य दिले.

फॅनी ब्राइस, डब्ल्यू. सी. फील्ड्स, विल रॉजर्स आणि एडी कँटर हे कलावंत फॉलीजमधून घरोघरी पोहोचले. १९१० मध्ये झिगफेल्ड यांनी बर्ट विल्यम्स या कृष्णवर्णीय विनोदवीराला गोऱ्या नटांच्या बरोबरीने प्रमुख स्थान दिले. वंशभेद रूढ असलेल्या त्या काळात ही असाधारण घटना होती. १९१९ च्या फॉलीजसाठी संगीतकार अर्व्हिंग बर्लिन यांनी गीते रचली. मात्र त्याच वर्षी नटांच्या संघटनेने पुकारलेल्या संपामुळे प्रयोग काही काळ थांबले.

इ.स. १९१४ मध्ये झिगफेल्ड यांनी अभिनेत्री बिली बर्क यांच्याशी विवाह केला. १९१६ मध्ये त्यांना कन्या झाली.

सुबत्तेचे दशक

१९२० च्या दशकात झिगफेल्ड कथानक असलेल्या संगीत नाटकांकडे अधिक वळले. मॅरिलिन मिलर यांची प्रमुख भूमिका असलेल्या ‘सॅली’चे (१९२०) साडेपाचशेहून अधिक प्रयोग झाले. वृत्तपत्रमालक विल्यम रँडॉल्फ हर्स्ट यांच्या आर्थिक साहाय्याने उभारलेले झिगफेल्ड थिएटर २ फेब्रुवारी, इ.स. १९२७ रोजी ‘रिओ रिटा’ या नाटकाने सुरू झाले.

त्याच वर्षी २७ डिसेंबरला तेथे ‘शो बोट’ रंगभूमीवर आले. एडना फर्बर यांच्या कादंबरीवरील या नाटकाचे संगीत जेरोम कर्न यांचे, तर संहिता व गीते ऑस्कर हॅमरस्टीन दुसरे यांची होती. मिसिसिपी नदीवरील तरंगत्या नाट्यगृहाची ही कथा वर्णद्वेष, आंतरवंशीय विवाह आणि उद्ध्वस्त संसार अशा विषयांना हात घालते. हलक्याफुलक्या करमणुकीची सवय असलेल्या प्रेक्षकांनी हे गंभीर नाटक स्वीकारले आणि ते सुमारे १६ महिने चालले. अमेरिकन संगीत नाटकाच्या इतिहासात ‘शो बोट’ हा महत्त्वाचा टप्पा मानला जातो.

महामंदी आणि अल्पायुषी नाटके

झिगफेल्ड यांच्या नाटकांचा खर्च दुहेरी असे. नेपथ्य, वेशभूषा व तालमी यांवर पडदा उघडण्यापूर्वीच मोठी रक्कम लागे. त्यानंतर नट, नृत्यसमूह, वाद्यवृंद व रंगमंच-कामगार यांचे वेतन दर आठवड्याला द्यावे लागे. आठवड्याच्या तिकीटविक्रीतून हा चालू खर्च भागून काही रक्कम उरली, तरच मूळ भांडवल हळूहळू वसूल होई. त्यामुळे दीर्घकाळ चालणे ही या नाटकांची गरज होती. विक्री चालू खर्चाच्या खाली गेली की प्रत्येक प्रयोगागणिक तोटा वाढे आणि नाटक बंद करणे हाच कमी नुकसानीचा मार्ग उरे.

ऑक्टोबर १९२९ मध्ये न्यू यॉर्कचा शेअर बाजार कोसळला. त्यात झिगफेल्ड यांची बहुतेक गुंतवणूक बुडाली. नव्या नाटकांत पैसे घालणारे धनिकही त्याच बाजारात पोळले होते. उंची तिकिटे घेणारा प्रेक्षक कमी झाला आणि बोलपटांनी कमी दरात गाणी व नृत्ये उपलब्ध करून दिली. या काळात नव्याने आलेल्या त्यांच्या प्रमुख नाटकांच्या प्रयोगांची संख्या पुढीलप्रमाणे होती :

• सिंपल सायमन (फेब्रुवारी १९३०) – १३५
• स्माइल्स (नोव्हेंबर १९३०) – ६३
• झिगफेल्ड फॉलीज (जुलै १९३१) – सुमारे १६५
• हॉट-चा! (मार्च १९३२) – सुमारे ११९

‘स्माइल्स’मध्ये मॅरिलिन मिलर यांच्यासह फ्रेड व अडेल अस्टेअर ही भावंडे होती. तरीही, आठवड्याला आठ प्रयोग या प्रमाणाने, ते जेमतेम आठ आठवडे टिकले. शंभर-दीडशे प्रयोग ही संख्या लहान निर्मितीला पुरेशी ठरली असती; झिगफेल्ड यांच्या खर्चाच्या मानाने ती अपुरी होती. सर्व अपयशाचे कारण मंदी हेच नव्हते. ‘शो गर्ल’ हे जॉर्ज गर्श्विन यांचे संगीत असलेले नाटक बाजार कोसळण्यापूर्वी, जुलै १९२९ मध्ये आले होते आणि तेही १११ प्रयोगांतच संपले. परंतु पूर्वी एका नाटकातील तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून भरून निघे, तो आधार मंदीने काढून घेतला.

इतर निर्मातेही याच संकटात सापडले. १९३१ मध्ये शूबर्ट बंधूंची बलाढ्य नाट्यसंस्था न्यायालयाने नेमलेल्या व्यवस्थापकांच्या ताब्यात गेली, तर आर्थर हॅमरस्टीन यांचे दिवाळे निघाले. झिगफेल्ड यांनी चित्रपट व रेडिओ यांचा आधार घेतला. एडी कँटर यांच्या भूमिकेने गाजलेल्या ‘व्हूपी!’ या नाटकावर सॅम्युएल गोल्डविन यांच्यासोबत १९३० मध्ये रंगीत बोलपट निघाला आणि १९३२ मध्ये फॉलीजचा रेडिओ कार्यक्रम सुरू झाला. निर्मितीचा थाट मात्र त्यांनी फारसा कमी केला नाही. लांबलचक तारा पाठवण्याच्या त्यांच्या प्रसिद्ध सवयीतही खंड पडला नाही.

अखेरचे दिवस व मृत्यू

१९ मे, इ.स. १९३२ रोजी झिगफेल्ड यांनी ‘शो बोट’ पुन्हा रंगभूमीवर आणले. या वेळी जो या गोदी-कामगाराच्या भूमिकेत पॉल रोबसन होते. मंदीच्या ऐन भरात या पुनर्निर्मितीचे १८० प्रयोग झाले. तिचे प्रयोग चालू असतानाच फुप्फुसाच्या विकाराने आजारी असलेले झिगफेल्ड २२ जुलै रोजी हॉलिवूडमध्ये निधन पावले. त्यांच्यामागे मोठे कर्ज राहिले. ते फेडण्यासाठी बिली बर्क यांनी चित्रपटांत सातत्याने कामे केली. ‘द विझर्ड ऑफ ऑझ’ (१९३९) मधील ग्लिंडा ही त्यांची भूमिका विशेष लोकप्रिय झाली.

वारसा

झिगफेल्ड थिएटर १९३३ मध्ये चित्रपटगृह बनले. पुढे तेथे पुन्हा नाटके झाली. १९६६ मध्ये ही इमारत पाडण्यात आली. ‘फॉलीज’ हे नाव वापरून शूबर्ट यांनी १९३४ व १९३६ मध्ये कार्यक्रम केले. झिगफेल्ड यांच्या जीवनावरील ‘द ग्रेट झिगफेल्ड’ (१९३६) या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर पारितोषिक मिळाले. ॲना हेल्ड यांच्या भूमिकेसाठी लुईझ रेनर यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा सन्मान लाभला. फॉलीजसारखे खर्चिक रेव्ह्यू कालांतराने मागे पडले. कथानक, गीत आणि पात्रे यांची एकसंध गुंफण करणारे ‘शो बोट’ मात्र आजही रंगभूमीवर सादर होते.