डॉ. ल्यूसी विल्स

माझी नात अकोल्यास असते. तिला सिकलसेलचा आजार आहे. गेल्या उन्हाळ्यात ती माझ्याकडे अमरावतीस राहावयास आली, तेव्हा रोज घ्यावयाची पिवळी गोळी हातात धरून, ही कोणी शोधली असे तिने विचारले. मला सांगता येईना. पुढे वाचून जे कळले ते भगिनींपुढे ठेवते.

ही गोळी फॉलिक आम्लाची. तिचा माग प्रथम काढला एका बाईने, आणि तोही आपल्या मुंबईत.

ल्यूसीबाई १८८८ साली इंग्लंडात जन्मल्या. केंब्रिजला वनस्पतिशास्त्र शिकल्या, पहिल्या महायुद्धाच्या काळात दक्षिण आफ्रिकेत शुश्रूषेचे काम केले, आणि डॉक्टर झाल्या त्या १९२० साली, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी. (आपल्याकडे या वयात शिकावयास निघालेल्या बाईला काय काय ऐकावे लागते!)

१९२८ साली त्या मुंबईस आल्या. गरोदर गरीब बाया रक्तक्षयाने फिकट होऊन दगावत होत्या. ल्यूसीबाईंनी आधी जंतू शोधले, सापडले नाहीत. मग त्यांनी बायांच्या ताटात पाहिले. भाजीपाला, फळे जवळजवळ नाहीतच. तसेच अन्न त्यांनी उंदरांना घातले, पण उंदरांचा रक्तक्षय निघाला उवांमुळे पसरलेल्या रोगाचा! एवढे श्रम फुकट गेले, तरी त्या डगमगल्या नाहीत. पुढे माकडांवर प्रयोग केले. रक्तक्षय झालेल्या माकडाला मार्माइट, म्हणजे यीस्टचा स्वस्त अर्क, देताच ते सुधारले. बायांनाही गुण आला. १९३१ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले. अर्कातले नेमके द्रव्य तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. १९४१ साली ते पालकाच्या पानांतून वेगळे काढण्यात आले, आणि अमेरिकेत ते कृत्रिम रीतीने तयार करणाऱ्यांत आपले आंध्रचे यल्लाप्रगडा सुब्बाराव होते.

नातीला याचा उपयोग काय? निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस टिकते. सिकलसेलमध्ये ती विळ्यासारखी वाकते आणि दहा-वीस दिवसांतच फुटते. नव्या पेशी सारख्या घडवाव्या लागतात व त्यासाठी हे आम्ल लागते. आजार मात्र त्याने जात नाही.

एक गोष्ट सांगावयास लाज वाटते. निदान झाले तेव्हा मी सुनेच्या माहेराकडे बोट दाखविले होते. आई आणि बाप दोघांकडून दोष आल्यावाचून हा आजार होत नाही, हे डॉक्टरांनी समजाविले, तेव्हा माझी मान खाली गेली. मुलाचीही तपासणी झाली. दोष त्याच्याही रक्तात निघाला. सून काही बोलली नाही.

ल्यूसीबाई १९६४ च्या एप्रिलात वारल्या. आज सरकारी दवाखान्यात गरोदर बायांना लोहाबरोबर मिळते ते हेच आम्ल. नात आता तिला ल्यूसीबाईंची गोळी म्हणते, आणि तरीही रोज सकाळी घेताना कुरकुर करतेच.