लव्हडेलचे डॉक्टर नील मॅकविकर

क्षयरोग घरात शिरला म्हणजे कुटुंबाची कशी दुर्दशा होते, हे आमच्या पुष्कळ वाचकांनी पाहिले असेल. ह्या रोगाशी दक्षिण आफ्रिकेत ज्यांनी आयुष्यभर झुंज दिली, त्या मिशनरी डॉक्टरांचे चरित्र आम्ही आज थोडक्यात सादर करीत आहो.

नील मॅकविकर ह्यांचा जन्म स्कॉटलंड देशी इ.स. १८७१ मध्ये झाला. एडिंबरो येथे वैद्यकीचे शिक्षण घेऊन ते १८९६ मध्ये मध्य आफ्रिकेतील ब्लँटायर मिशनात गेले. पुढे १९०२ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील लव्हडेल येथील व्हिक्टोरिया रुग्णालय त्यांच्या हाती आले, आणि तेथेच त्यांनी सुमारे पस्तीस वर्षे सेवा केली.

त्या प्रांतातील खोसा लोकांत तेव्हा क्षय झपाट्याने पसरत होता. १८८६ मध्ये विटवॉटर्सरँड येथे सोने सापडल्यापासून खेड्यापाड्यांतील तरुण मजुरीसाठी खाणीत जाऊ लागले होते. खडक फोडताना उडणारी गारगोटीची बारीक धूळ श्वासाबरोबर फुप्फुसांत जाऊन बसे. त्यामुळे फुप्फुसे दुर्बल होत व क्षयाच्या जंतूंस तेथे सहज थारा मिळे. माणूस खंगला म्हणजे त्यास गावी परत धाडीत. तो कमाईबरोबर खोकलाही घरी आणी, आणि बंद झोपडीत त्याच्याजवळ निजणाऱ्या बायकामुलांस तो रोग जडे.

कित्येकांस हा जादूटोण्याचा प्रकार वाटे. क्षयाचा जंतू कॉक ह्यांनी १८८२ मध्येच शोधून काढला होता. परंतु ते ज्ञान झोपडीपर्यंत पोहोचले नव्हते. ते पोहोचविणे हेच डॉक्टरसाहेबांनी आपले मुख्य काम मानले. वाटेल तेथे थुंकू नये, घरात हवा व उजेड येऊ द्यावा, आजाऱ्यास निराळे निजवावे, अशा साध्या गोष्टी ते लोकांस न कंटाळता शिकवीत.

परंतु परक्या माणसाने सांगितलेले किती दिवस टिकणार? म्हणून आफ्रिकी मुलींस परिचारिकेचे पूर्ण शिक्षण देण्याचे त्यांनी ठरविले. हे काम त्यांना झेपणार नाही असे म्हणणारे गोरे लोक त्या काळी थोडे नव्हते. त्यांस उत्तर मिळाले ते सेसिलिया मकिवाने हिच्याकडून. एलायजा मकिवाने नावाच्या खोसा पाळकांची ही कन्या त्याच रुग्णालयात शिकली, सरकारी परीक्षा उत्तीर्ण झाली, आणि ता. ७ जानेवारी १९०८ रोजी तिचे नाव परिचारिकांच्या नोंदवहीत दाखल झाले. आफ्रिकी स्त्रियांत हा मान मिळविणारी ती पहिलीच होय. १९१९ मध्ये ती निवर्तली. पण तिने उघडलेल्या दारातून पुष्कळ भगिनी पुढे गेल्या.

डॉ. मॅकविकर १९३७ मध्ये निवृत्त झाले व १९४९ मध्ये मरण पावले. क्षयावरील पहिले गुणकारी औषध स्ट्रेप्टोमायसिन १९४३ मध्ये सापडले. म्हणजे त्यांची सारी सेवा औषधावाचून झाली. किती रोगी आपल्या डोळ्यांदेखत गेले असतील, ह्याचा विचार केला म्हणजे त्यांच्या धीराचे मोल कळते. खाणीतील धूळ थांबविणे त्यांच्या हाती नव्हते; जे हाती होते ते त्यांनी सोडले नाही.

प्रिय वाचकहो, आज औषधे आहेत, आणि ती नेमाने व पूर्ण मुदतीपर्यंत घेतली असता बहुतेक रोगी बरे होतात. तरीही कित्येक घरी लाजेमुळे खोकला लपविला जातो. चांगल्या शोमरोन्याने वाटेवरील जखमीस ओलांडून जाणे पसंत केले नाही. आपल्या मंडळीत कोणी दोन आठवड्यांहून अधिक खोकत असेल, तर त्यापासून दूर न बसता त्याचा हात धरून त्यास दवाखान्यात नेणे, हे आम्हांपैकी प्रत्येकाचे कर्तव्य आहे.