वाणीचा शिक्षक : अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल

दूरध्वनीचे जनक म्हणून अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांचे नाव साऱ्या जगाला ठाऊक आहे. परंतु त्यांना स्वतःला आपली ओळख कर्णबधिरांचा शिक्षक अशी सांगणे अधिक आवडे. ज्या यंत्राने त्यांना कीर्ती मिळवून दिली, त्याचे बीजही याच कार्यात होते. माणसाच्या मुखातून शब्द कसा निघतो, या एका प्रश्नाचा त्यांनी जन्मभर ध्यास घेतला होता.

स्कॉटलंडमधील एडिंबरो या नगरीत ३ मार्च १८४७ रोजी त्यांचा जन्म झाला. घरची माणसे त्यांना अलेक म्हणत. शब्दांची उपासना हा या घराण्याचा व्यवसायच होता. आजोबा तरुणपणी जोडे शिवण्याचा धंदा करीत. पुढे ते नट झाले आणि अखेर लंडनमध्ये शुद्ध व स्पष्ट बोलण्याचे शिक्षण देऊ लागले. वडील मेल्व्हिल बेल हेही त्याच विद्येचे नामांकित अध्यापक होते. आई एलायझा उत्तम चित्रे काढीत आणि पियानोही सुरेख वाजवीत. पण त्यांना ऐकू मात्र फार कमी येई.

इतर माणसे एलायझाबाईंच्या कानाला लावलेल्या नळीत मोठ्याने बोलत. लहानग्या अलेकने निराळा मार्ग शोधून काढला. तो आईच्या कपाळाजवळ तोंड नेई आणि खोल, संथ आवाजात बोले. आवाजाची कंपने आईला जाणवतील आणि तिला शब्द कळतील, असा त्याचा विश्वास होता. घरात मंडळी जमली म्हणजे तो आईशेजारी बसे आणि बोटांनी दाखवायच्या मुळाक्षरांतून सर्वांचे संभाषण तिला कळवी. शब्द केवळ कानांनीच पोचतो असे नाही, हा पहिला धडा त्याला घरातच मिळाला.

१८६३ साली वडिलांनी अलेकला एक अद्भुत यंत्र दाखवायला नेले. ते यंत्र माणसासारखे काही शब्द उच्चारीत असे. घरी परतल्यावर तसेच यंत्र तयार करण्याचे आव्हान वडिलांनी अलेकला व त्याच्या थोरल्या भावाला दिले. थोरल्याने घसा आणि स्वरयंत्र बनवले. अलेकने तोंड, जीभ आणि ओठ बनवले. सर्व भाग जुळल्यावर एक भाऊ नळीतून फुंकर मारू लागला आणि दुसरा ओठ उघडमीट करू लागला. काय आश्चर्य! यंत्रातून आईला हाक मारणाऱ्या तान्ह्या मुलासारखा आवाज निघाला. शेजाऱ्यांना तर खरेच एखादे मूल रडत आहे असे वाटले. पुढे अलेकने आपल्या पाळीव कुत्र्याला एकसारखे गुरगुरायला शिकवले आणि त्याचा जबडा हाताने हलवून त्याच्याकडून चार शब्दही वदवून घेतले. या खेळांतून त्याला कळून चुकले, की बोलणे म्हणजे काही गूढ चमत्कार नव्हे. श्वास, कंठ, जीभ आणि ओठ यांच्या ठराविक हालचालींचे ते फळ आहे.

त्याच सुमारास त्याचे वडील एका मोठ्या शोधात गढून गेले होते. इंग्रजी लिपीतले एकच अक्षर कधी क असे, तर कधी स असे वाचले जाते. मराठीतही ‘चहा’ आणि ‘चमचा’ हे शब्द म्हणून पाहिले, तर एकाच च या अक्षराचे दोन उच्चार कानी पडतात. मग जगातील कोणत्याही भाषेतील कोणताही ध्वनी अचूक लिहिता येईल अशी लिपी कशी तयार करावी? मेल्व्हिल बेल यांनी ध्वनीऐवजी तो उत्पन्न होण्याच्या स्थानाकडे लक्ष दिले. क म्हणताना जिभेचा मागचा भाग टाळूला टेकतो. त म्हणताना जिभेचे टोक दातांना लागते. प म्हणताना दोन्ही ओठ मिटतात. भारतातील प्राचीन आचार्यांनी याच तत्त्वावर कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य आणि ओष्ठ्य असे वर्णांचे वर्ग पाडले होते. मराठी मुळाक्षरांचा क्रम त्यावरच आधारलेला आहे.

मेल्व्हिल बेल आणखी एक पाऊल पुढे गेले. त्यांनी प्रत्येक अक्षर म्हणजे मुखाचे एक लहानसे चित्रच केले. व्यंजनासाठी घोड्याच्या नालासारखी एक वक्र खूण होती. तिचा फुगवटा मागे वळला, तर ध्वनी जिभेच्या मागच्या भागातून. पुढे वळला, तर ओठांतून. खुणेचे उघडे तोंड रेघेने बंद केले, म्हणजे श्वास अडवायचा. आत एक लहान रेघ आली, म्हणजे कंठातील नादही मिसळायचा. या लिपीला त्यांनी ‘दृश्य वाणी’ या अर्थाचे नाव दिले. १८६७ साली त्यांचा या विषयावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला.

या लिपीची परीक्षा लोकांसमोर होत असे. अलेकला सभागृहाबाहेर पाठवीत. मग श्रोत्यांनी हवा तो शब्द किंवा ध्वनी सांगावा आणि वडिलांनी तो फळ्यावर खुणांत लिहावा. नंतर अलेक आत येई आणि केवळ खुणा वाचून तोच उच्चार करून दाखवी. लॅटिन, स्कॉटलंडची गेलिक, एवढेच नव्हे तर संस्कृतमधील वेचेही त्याने असे वाचून दाखवले. एकदा फळ्यावरील खुणांप्रमाणे जीभ व श्वास हलवताच त्याच्या तोंडून एक विचित्र खरखर निघाली. तिचा अर्थ त्याला काही केल्या कळेना. पण श्रोत्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला. कोणीतरी करवतीने लाकूड कापण्याचा आवाज परीक्षेसाठी दिला होता आणि तो हुबेहूब उमटला होता!

न ऐकलेला ध्वनी केवळ डोळ्यांनी पाहून उच्चारता येतो, तर ज्यांनी कधीच काही ऐकले नाही त्यांनाही बोलता का येऊ नये? या विचाराने अलेकला झपाटले. १८६८ साली लंडनमधील सुझॅना हल यांच्या शाळेत त्याने कर्णबधिर मुलींना शिकवण्यास आरंभ केला. हे काम सोपे नव्हते. आरशासमोर उभे राहून प, ब आणि म हे तीन वर्ण म्हणून पाहावेत. ओठांची हालचाल तिन्ही वेळा एकसारखीच दिसते. ऐकू न येणाऱ्या मुलाने त्यांतला भेद कसा ओळखावा? ‘दृश्य वाणी’त मात्र तिघांच्या खुणा निरनिराळ्या होत्या. ब म्हणताना गळ्यावर हात ठेवला, तर थरथर जाणवते. म म्हणताना तीच थरथर नाकालाही जाणवते. फळ्यावरील खूण पाहावी, हाताने कंपन ओळखावे आणि मग स्वतः प्रयत्न करावा, अशा रीतीने मुली एकेक ध्वनी हस्तगत करू लागल्या.

परंतु लवकरच बेल कुटुंबावर दुःखाचा डोंगर कोसळला. धाकटा भाऊ १८६७ साली क्षयाने दगावला होता. १८७० साली त्याच रोगाने थोरल्या भावालाही ओढून नेले. अलेकची प्रकृतीही खालावू लागली. तेव्हा आईवडील उरलेल्या एकुलत्या मुलाला घेऊन त्याच वर्षी कॅनडातील ब्रँटफर्ड या गावी राहावयास गेले. तेथील मोकळ्या हवेत अलेकची प्रकृती सुधारली. जवळच्या मोहॉक लोकांच्या वस्तीत जाऊन त्याने त्यांची भाषा शिकून घेतली आणि तिचे शब्द वडिलांच्या लिपीत उतरवून काढले. त्या लोकांनी संतुष्ट होऊन त्याला मानाचे सरदारपद दिले.

१८७१ साली बेल अमेरिकेतील बोस्टन शहरी कर्णबधिरांच्या शाळेत शिक्षकांना ही विद्या शिकवण्यासाठी गेले. दोनच वर्षांनी बोस्टन विद्यापीठात त्यांची प्राध्यापक म्हणून नेमणूक झाली. याच काळात जॉर्ज सँडर्स नावाचा एक जन्मतः कर्णबधिर बालक त्यांच्या हाती सोपवण्यात आला. बेल यांनी त्याच्यासाठी एका हातमोज्यावर सर्व मुळाक्षरे लिहिली. मोज्यातील अक्षरांना क्रमाने स्पर्श केला, की शब्द तयार होई. मेबल हबर्ड ही दुसरी विद्यार्थिनी. लहानपणी आलेल्या तापाने तिची श्रवणशक्ती नाहीशी झाली होती. पण ती बोलणाऱ्याचे ओठ वाचण्यात निष्णात होती.

दिवसा अध्यापन आणि रात्री प्रयोग असा बेल यांचा क्रम सुरू झाला. आवाजाची कंपने विद्यार्थ्यांना डोळ्यांनी दिसावीत, म्हणून त्यांनी १८७४ साली एका मृत माणसाचा कान मिळवला. त्याच्या नाजूक हाडाला गवताची काडी जोडून त्यांनी काजळी धरलेल्या काचेवर आवाजाच्या लहरी उमटवल्या. कानाचा पातळ पडदा त्याच्या मानाने जड हाडांना हलवतो, हे पाहून त्यांच्या मनात एक कल्पना चमकली. मग तसाच एक पडदा लोखंडाचा तुकडा हलवून विजेच्या प्रवाहात आवाजाच्या लहरी का उठवू शकणार नाही? थॉमस वॉटसन या कुशल कारागिराच्या साहाय्याने त्यांनी ही कल्पना प्रत्यक्षात आणण्याचा चंग बांधला. ७ मार्च १८७६ रोजी त्यांना या शोधाचा एकाधिकार मिळाला. तीनच दिवसांनी, १० मार्च रोजी, बेल यांनी यंत्रातून वॉटसनला आपल्याकडे बोलावले आणि शेजारच्या खोलीतील वॉटसन ते स्पष्ट ऐकून धावत आला. तारेवरून मानवी वाणी पोचली होती! या शोधाच्या श्रेयाविषयी पुढे अनेक वर्षे न्यायालयांत वाद चालले; परंतु निकाल बेल यांच्या बाजूने लागले.

१८७७ साली बेल यांचा मेबल हबर्ड हिच्याशी विवाह झाला. नव्या दूरध्वनी कंपनीतील केवळ दहा भाग स्वतःकडे ठेवून बाकीचे सर्व त्यांनी पत्नीला भेट दिले. दैवाचा खेळ असा, की ज्या यंत्राने दूरदूरची माणसे एकमेकांशी बोलू लागली, त्याचा उपयोग त्यांची आई आणि पत्नी या दोघींनाही नव्हता. ही जाणीव बेल यांच्या मनातून कधी गेली नसावी. फ्रान्सने १८८० साली त्यांना ५०,००० फ्रँकचे व्होल्टा पारितोषिक दिले. त्या द्रव्यातून त्यांनी प्रयोगशाळा उभारली आणि पुढे कर्णबधिरत्वाविषयीचे ज्ञान संग्रहित करणारी एक संस्था स्थापन केली. १८८६ साली हेलन केलर या सहा वर्षांच्या अंध व कर्णबधिर मुलीला घेऊन तिचे वडील त्यांच्याकडे आले. बेल यांनी त्यांना योग्य मार्ग दाखवला आणि त्यातूनच ॲन सलिव्हन ही शिक्षिका हेलनला लाभली. हेलनने पुढे आपले आत्मचरित्र बेल यांना अर्पण केले.

थोर माणसांच्याही हातून चुका होतात. प्रत्येक कर्णबधिर मुलाने तोंडानेच बोलावे, हातांच्या खुणांची भाषा वापरू नये, असा बेल यांचा आग्रह होता. कर्णबधिर व्यक्तींनी आपापसांत विवाह करू नयेत, असेही मत त्यांनी मांडले. हेतू चांगला असला, तरी त्यामुळे अनेकांची मने दुखावली. पुष्कळ शाळांत खुणांच्या भाषेला बंदी झाली आणि जी मुले ओठ वाचू शकत नसत, ती अबोलच राहिली. खुणांच्या भाषेला स्वतःचे पूर्ण व्याकरण असते, हे विल्यम स्टोको या अभ्यासकाने १९६० साली दाखवून दिले. आता अनेक देशांत तिला मानाचे स्थान आहे. भारतातही तिच्या संशोधनासाठी व शिक्षणासाठी २०१५ साली दिल्लीत केंद्र स्थापन झाले. ज्या आईशी अलेक बोटांनी बोलत असे, तिच्याच उदाहरणात हे सत्य दडलेले होते.

‘दृश्य वाणी’ची लिपी काळाच्या ओघात मागे पडली. तिच्यासाठी छापखान्यांना वेगळे खिळे पाडावे लागत आणि तिच्या सारख्या दिसणाऱ्या खुणा वाचताना डोळे शिणत. १८८६ साली पॅरिसमध्ये भाषाशिक्षकांनी एक संस्था स्थापन केली. तिने रोमन अक्षरांवर आधारलेली आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपी तयार केली. आज अनेक शब्दकोशांत शब्दापुढे उच्चार दाखवण्यासाठी जी चिन्हे असतात, ती याच लिपीतील होत. परंतु ध्वनी जेथे जन्मतो ते स्थान ओळखून त्याला खूण द्यावी, हे मेल्व्हिल बेल यांचे तत्त्व तिच्यातही टिकून राहिले आहे.

२ ऑगस्ट १९२२ रोजी कॅनडातील आपल्या निवासस्थानी बेल यांनी देह ठेवला. दोन दिवसांनी त्यांच्या अंत्यविधीच्या वेळी उत्तर अमेरिकेतील दूरध्वनी एक मिनिट बंद ठेवण्यात आले. शब्द दूरवर पोचवणाऱ्या या शिक्षकाला लोकांनी निःशब्द राहून वंदन केले.