भगवान दादांच्या ‘अलबेला’त ट्रम्पेट वाजवणारे चिक चॉकलेट कोण होते?

१९५१ चा ‘अलबेला’ म्हटलं की भगवान दादांचा नाच आठवतो आणि सी. रामचंद्र यांचं संगीत. पण याच सिनेमाच्या एका गाण्यात एक बँड पडद्यावर दिसतो. त्यातला ट्रम्पेटवाला हा कोणी नट नाही. तो खराखुरा वादक आहे.

त्याचं नाव आंतोनियो झेवियर वाझ. मुंबई त्यांना ओळखायची ‘चिक चॉकलेट’ म्हणून.

त्यांचा जन्म १९१६ चा, गोव्यातल्या हळदोण्याचा. गोव्यावर तेव्हा पोर्तुगीजांचं राज्य होतं. तिथे चर्चच्या शाळांमध्ये पोरांना लहानपणीच पाश्चात्त्य स्वरलिपी वाचायला शिकवायचे. पण गावात या विद्येवर पोट भरणं अवघड. त्यामुळे तिथले कितीतरी तरुण वाद्य घेऊन मुंबई गाठायचे. वाझही आले आणि जॅझ वाजवू लागले. ट्रम्पेट आणि खरखरीत आवाजातलं गाणं, दोन्हींत लुई आर्मस्ट्राँग हा त्यांचा आदर्श. लोक त्यांना भारताचा लुई आर्मस्ट्राँगच म्हणायचे. पुढे त्यांचा बँड थेट ताजमहाल हॉटेलमध्ये वाजू लागला.

मग हा माणूस हिंदी सिनेमात कसा आला?

तेव्हाचं रेकॉर्डिंग समजून घेतलं की याचं उत्तर मिळतं. गायक आणि सगळे वादक एकाच वेळी, एकत्र वाजवायचे. एकजण चुकला की सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं. अशा वेळी समोरचा कागद वाचून बिनचूक वाजवणाऱ्याला मोठी किंमत होती आणि गोव्याचे वादक त्यात तरबेज होते. त्यातच १९४९ मध्ये मुंबई प्रांताचा दारूबंदी कायदा आला. हॉटेलांतल्या नाच-गाण्याच्या रात्री थंडावल्या आणि अनेक वादकांना स्टुडिओचाच आधार उरला.

दुसऱ्या बाजूला नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, म्हणजेच सी. रामचंद्र, नव्या आवाजाच्या शोधात होते. चिक त्यांचे सहायक झाले. ‘अलबेला’च्या गाण्यांत बोंगो, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन आणि ट्रम्पेट ऐकू येतात. चाल देशी वळणाची आणि ठेका परदेशी, अशी ती जोडी जमली. पुढे चिक यांनी मदन मोहन यांच्यासोबतही काम केलं.

संगीतकार म्हणून त्यांचं स्वतःचं नावही लागलं. देव आनंद आणि मधुबाला यांचा ‘नादान’ १९५१ मध्येच आला, त्याचं संगीत चिक यांचं. पण संगीतकार म्हणून त्यांचा जम बसला नाही. त्यांचं बरंचसं काम दुसऱ्यांच्या गाण्यांतच राहिलं.

१९६७ मध्ये ते गेले, तेव्हा त्यांनी पन्नाशी नुकतीच ओलांडली होती.

स्टुडिओतल्या वादकाला त्या दिवसाचे पैसे मिळायचे, पण रेकॉर्डवर आणि पडद्यावर नाव छापलं जायचं ते संगीतकाराचं, गायकाचं. ट्रम्पेट कुणी वाजवला, हे ऐकणाऱ्याला कळायला मार्गच नव्हता. शेकडो वादक असे निनावीच गेले. चिक त्या मानाने नशीबवान, निदान त्यांचा चेहरा तरी पडद्यावर राहिला.

पुढच्या वेळी ‘अलबेला’ लावाल, तेव्हा भगवान दादांवरून नजर जरा हटवा आणि त्या बँडकडे बघा. ट्रम्पेट ज्यांच्या हातात आहे, ते चिक चॉकलेट.