‘पेक्षा लहान’वाला हॅरियट

व्हायवाच्या आदल्या दिवशी गाइड सरांनी आमच्या रिपोर्टचं चौथं प्रकरण उघडलं आणि तिथेच थांबले. टेबलात छापलं होतं, पाणी-सिमेंट गुणोत्तर £ ०.४५. त्याखाली, सिमेंट ³ ३२० किलो. सिमेंट पौंड मोजून आणता का, असं त्यांनी अगदी शांतपणे विचारलं. आम्ही चौघं गार!

झालं होतं असं की टेबल सीनियरच्या जुन्या फाइलमधून उचललेलं. त्या काळी ≤ हे चिन्ह ‘सिम्बॉल’ फॉन्टमधून घ्यायचे. त्या फॉन्टात १६३ नंबरच्या घरात ≤ बसतं आणि १७९ मध्ये ≥. आम्ही सगळ्या मजकुराला एकच फॉन्ट लावला, आणि साध्या फॉन्टात १६३ म्हणजे पौंड, १७९ म्हणजे वर चढवलेला तीन. ‘जास्तीत जास्त’ आणि ‘कमीत कमी’ दोन्ही गायब. काँक्रीटमध्ये हा फरक पुसला गेला तर पुढे काय होईल ते सिव्हिलवाल्यांना सांगायला नको.

त्या रात्री ही चिन्हं मुळात काढली कुणी, ते वाचत बसलो. (तेव्हा खरं तर व्हायवाचा अभ्यास करायला हवा होता.) आणि भेटला थॉमस हॅरियट.

हॅरियटचा जन्म १५६० च्या सुमारास ऑक्सफर्डकडचा. १५८० मध्ये पदवी घेतली आणि सर वॉल्टर रॅलेच्या पदरी लागला. काम काय, तर जहाजाच्या कप्तानांना ताऱ्यांवरून दिशा काढायला शिकवायचं. १५८४ मध्ये अमेरिकेच्या किनाऱ्यावरून मँटिओ आणि वाँचीज हे दोन मूळ रहिवासी लंडनला आणले गेले. हॅरियट त्यांच्याकडून त्यांची भाषा शिकला, आणि तिचे उच्चार लिहायला इंग्रजी अक्षरं पुरेनात म्हणून त्याने स्वतःची नवी लिपी केली. चिन्ह नसेल तर बनवायचं, ही खोड तेव्हापासूनची.

१५८५ मध्ये तो स्वतः रोआनोक बेटावर गेला, वर्षभर राहिला. परतताना घाईगडबडीत खलाशांनी वसाहतीचे बरेच नकाशे, वह्या, कागद समुद्रात फेकून दिले. बॅकअप वगैरे नव्हताच. जे उरलं त्यावरून त्याने व्हर्जिनियावर छोटं पुस्तक काढलं, १५८८ मध्ये. हयातीत छापलेलं त्याचं एवढंच. गणितावर, प्रकाशावर, आकाशावर शेकडो पानं लिहिली आणि एकही छापलं नाही!

आळशी होता म्हणावं, तर तसंही दिसत नाही. एक तर पैशाची ददात नव्हती. नॉर्थम्बरलँडचा अर्ल हेन्री पर्सी त्याला दरसाल तनखा देई आणि लंडनजवळ सायन हाउसच्या आवारात राहायला घरही. दुसरं म्हणजे भीती. रॅले १६०३ पासून टॉवरच्या तुरुंगात. १६०५ मध्ये पार्लमेंट उडवायचा दारूगोळ्याचा कट उघडकीला आला, त्यात पर्सीही आत गेला, आणि राजाची कुंडली मांडल्याच्या संशयावरून खुद्द हॅरियटलाही काही आठवडे कोठडीत काढावे लागले. नास्तिक असल्याची कुजबुज आधीपासून होतीच. अशा दिवसांत नवीन काही छापायला कोण धजेल?

पण मला वाटतं स्वभावही आड आला. प्रकाश वाकण्याचा जो नियम आपण स्नेलच्या नावाने पाठ करतो, तो हॅरियटकडे १६०२ च्या आसपास तयार होता, स्नेलच्या जवळजवळ वीस वर्षं आधी. केप्लरने पत्र लिहून विचारलं, तर याने आकड्यांचा तक्ता पाठवला, नियम नाही पाठवला. २६ जुलै १६०९ ला, म्हणजे तेव्हाच्या इंग्लिश कॅलेंडरप्रमाणे, त्याने दुर्बिणीतून चंद्र पाहून चित्र काढलं. गॅलिलिओची चित्रं त्याच वर्षाच्या अखेरची. गॅलिलिओने छापली, याने बॅगेत ठेवली. आपल्याकडे असायनमेंट पूर्ण करून सबमिट न करणारी मुलं असतात, त्यातला प्रकार.

१६१८ मध्ये रॅलेचं डोकं उडवलं तेव्हा हॅरियट तिथे हजर होता, रॅलेच्या शेवटच्या बोलण्याची त्याने टिपणं घेतली. नाकाच्या कॅन्सरने २ जुलै १६२१ ला तो स्वतः लंडनमध्ये वारला. पर्सी त्यानंतर थोड्याच दिवसांत सुटला. मृत्युपत्रात हॅरियटने गणिताचे कागद लावायचं काम नथॅनिएल टॉर्पर्लीवर सोपवलं होतं. प्रत्यक्षात पुस्तक निघालं ते वॉल्टर वॉर्नरच्या हातून, १६३१ मध्ये, लॅटिनमध्ये. त्यातच < आणि > पहिल्यांदा छापले गेले. तेही हॅरियटच्या हातचे नव्हेत. त्याच्या वह्यांतली चिन्हं जास्त गुंतागुंतीची आहेत, छापताना ती साधी झाली. म्हणजे फॉन्ट बदलून चिन्ह बदलणं आमच्यापासून सुरू झालेलं नाही!

खालची रेघ फ्रान्सच्या प्येर बुगेरने १७३४ मध्ये दिली, तीही दुहेरी. हॅरियटचे मूळ कागद मात्र पेटवर्थ हाउसमध्ये पडून राहिले, ते १७८४ मध्ये फॉन झाख नावाच्या खगोलशास्त्रज्ञाला सापडले.

आता कॉम्प्युटरवर < आणि > आस्कीच्या ६० आणि ६२ या घरांत आहेत, पण ≤ ला तिथे जागा मिळाली नाही. म्हणून सीमध्ये आपण <= असे दोन तुकडे लिहितो (उलटे लिहिले की एरर). युनिकोडने ≤ ला २२६४ हा स्वतःचा नंबर दिलाय. वर्डमध्ये २२६४ इंग्रजी आकड्यांत टाइप करून ऑल्ट आणि एक्स दाबा, चिन्ह येतं, आणि फॉन्ट बदलला तरी पौंड होत नाही. मराठी इनस्क्रिप्टमध्ये मात्र शिफ्ट धरून < दाबलंत तर ‘ष’ उमटेल, हा लेख टाइप करताना दोनदा उमटला.

आमच्या रिपोर्टचं बाइंडिंग झालं होतं. रात्री मेस बंद व्हायच्या आत जेवून आलो आणि चारही प्रतींत काळ्या पेनने पौंड खोडून वर ≤ काढलं, पान २७ ते ३१. सकाळी सरांनी प्रत्येक दुरुस्तीशेजारी सही केली.