महर्षी कर्वे: कोड एकच, कॉन्फिग प्रत्येकाची वेगळी

पुण्यातलं कर्वेनगर ज्यांच्या नावाने ओळखलं जातं, ते धोंडो केशव कर्वे (1858-1962) फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायचे. मी फर्मवेअर लिहितो. कोणी कॉन्फिग फाइल म्हणजे काय विचारलं, की मला त्यांचं आयुष्य आठवतं.

आधी फर्मवेअर बघू. एलईडी कुठल्या पिनवर, सेन्सर कुठल्या पत्त्यावर, मेमरी किती, हे प्रत्येक बोर्डाचं वेगळं असतं. ते थेट कोडमध्ये लिहिलं, तर नवा बोर्ड आला की कोड उकरत बसायचं. म्हणून मूळ कोड एकच ठेवतात आणि बोर्डाची माहिती वेगळ्या फाइलमध्ये देतात. अँड्रॉइड फोनच्या लिनक्स कर्नलमध्ये अशा माहितीला डिव्हाइस ट्री म्हणतात. दुसऱ्या मॉडेलची रॉम टाकली की फोन सुरूच होत नाही, त्याचं एक कारण हेच.

आता कर्वे. पहिली पत्नी वारल्यावर 1893 मध्ये त्यांनी विधवा असलेल्या गोदूबाईंशी लग्न केलं. मुरूडच्या गावकऱ्यांनी त्यांना वाळीत टाकलं. 1896 मध्ये त्यांनी विधवांसाठी आश्रम काढला आणि 1900 मध्ये तो हिंगण्याला, म्हणजे आजच्या कर्वेनगरात, एका झोपडीत हलवला. शहरातून तिथे ते पायी जायचे.

पुढे जपानच्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका त्यांच्या हाती आली. कल्पना त्यांनी घेतली, पण जशीच्या तशी उतरवली नाही. 1916 मध्ये महिला विद्यापीठ सुरू केलं, तेव्हा कॉलेजात विद्यार्थिनी होत्या फक्त पाच. मुलींना उच्च शिक्षण, हा गाभा पक्का. शिकवण्याची भाषा मात्र मातृभाषा: मराठी मुलींना मराठी, गुजराती मुलींना गुजराती. इंग्रजी सक्तीचा विषय म्हणून राहिली, माध्यम म्हणून नाही. त्या काळी इतर विद्यापीठांत इंग्रजी माध्यम जणू हार्डकोड केलेलं होतं.

याची किंमतही मोजावी लागली. 1920 मध्ये ठाकरसींनी 15 लाखांची देणगी दिली आणि विद्यापीठाला एसएनडीटी हे नाव मिळालं. पण कायदेशीर मान्यता यायला 1951 उजाडलं. तोवर इथल्या पदवीला सरकारी शिक्का नव्हता. तरी कर्व्यांनी माध्यम बदललं नाही. 1958 मध्ये, वयाच्या शंभरीत, त्यांना भारतरत्न मिळालं.

आज त्यांच्याच संस्थेचं मुलींचं इंजिनिअरिंग कॉलेज कर्वेनगरात आहे. नवा बोर्ड हाती आला की मी आधी हेच ठरवतो: काय बदलायचं नाही, आणि काय फाइलमध्ये बाहेर काढायचं.